मावशी, जास्तीच्या दोन भाकरींबद्दल

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पत्र उघड लिहितेय, पण तुमचं नाव कुठंही घालत नाही. चर्चच्या महिला मंडळात देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला मी उभी राहिले होते, तेव्हा दुसऱ्या बाकावरून तुम्ही डोळे वटारले होते, ते लक्षात आहे. नंतर पायऱ्यांवर गाठून म्हणालात, "साक्ष देवाची द्यायची असते, भाकरीवालीची नाही." बरं, नाही घेत नाव. पण नगरात पहाटे साडेचारला जिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि सात वाजता जिच्या दारात होस्टेलच्या पोरांची डब्यासाठी गर्दी होते, तिला ओळखणारे ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

जून 2022 मधली गोष्ट. यांच्या कंपनीचं गेट एका सोमवारी उघडलंच नाही. त्याआधीचा चार महिन्यांचा पगार थकला होता आणि "पुढच्या आठवड्यात बघू" हे ऐकून ऐकून आम्ही तेही गृहीत धरायला लागलो होतो. मुलगी सातवीत गेलेली. वह्या-पुस्तकं, रिक्षा, घरभाडं. माझ्या पाटल्या मार्चमध्येच गहाण पडल्या होत्या. यातलं काही मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हे तर घरातसुद्धा बोलत नव्हते. नुसते टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद करून.

चर्चला जाणंही मी सोडलं होतं. पहिले दोन रविवार गेले होते. उपासना सुटल्यावर तिघी-चौघींनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "विश्वास ठेव." एकीनं पुढं जोडलं, "कुठंतरी विश्वास कमी पडत असेल, तपासून बघ." मी घरी येऊन खरोखरच तपासत बसले, तूरडाळीचा डबा हलवून बघावा तसा. किती उरलाय, महिनाअखेरपर्यंत पुरेल का. पुरेल असं काही वाटेना, म्हणून तिसऱ्या रविवारी गेलेच नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी तुम्ही दारात उभ्या. हातात स्टीलचा डबा, त्याला सुती फडकं गुंडाळलेलं. "आज दोन भाकरी जास्तीच्या थापल्या गेल्या, म्हटलं तुझं घर वाटेतच आहे." माझं घर तुमच्या वाटेत नाही, मावशी. आणि चाळीस वर्षं भाकरी थापणारीचा हिशोब दोन भाकरींनी चुकत नाही. डब्यात चार भाकरी होत्या आणि वर वाटीभर पिठलं. तुम्ही आत आला नाहीत, प्रार्थना करू का असंही विचारलं नाहीत. जाताना एवढंच विचारलंत, "आज भागतंय का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला आले. आपल्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, आणि घरात घालण्यासारखं काही नव्हतं. मी मूठभर साखर घातली. तुम्ही झाकण उघडून पाहिलंत, मिटलंत आणि म्हणालात, "साखरच राहिली होय गं?" तिथं तुमच्या ओट्याला टेकून मी रडले ते पहिल्यांदा. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत होतात. ती जळू दिली नाहीत आणि मला गप्पही केलं नाहीत.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांविषयी तुम्ही पुढं एकदा म्हणाला होतात ते मला तेव्हाच्या तुमच्या गप्प राहण्यामुळं कळलं. ते त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. "तेवढे सात दिवसच शहाण्यासारखे वागले," तुम्ही म्हणालात, "मग तोंड उघडलं आणि घोटाळा केला."

त्या दिवसापासून पहाटे मी तुमच्याकडं कामाला यायला लागले. थापण्याचे भाकरीमागे दोन रुपये, हा हिशोब तुम्हीच ठरवलात, म्हणजे मला घेताना मान खाली घालावी लागू नये. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरी कडेला चिरायच्या. तुम्ही म्हणायचात, पाणी गरम घे, पीठ अजून मळ, तळहातानं रेट. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकायच्या आत उलट, मग आचेवर धर. पापुद्रा सुटून टम्म फुगलेली पहिली भाकरी तुम्ही विकली नाहीत. मीठ-तेल लावून मलाच खायला लावलीत.

एकदा मी विचारलं होतं, दर तीन-चार दिवसांनी गिरणीत कशाला जाता, पोतंभर एकदम दळून का ठेवत नाही? तुम्ही कोपऱ्यातल्या डब्यातलं चिमूटभर बाजरीचं पीठ माझ्या जिभेवर ठेवलंत. कडू. "दहा दिवसांपूर्वीचं आहे," म्हणालात, "ज्वारीचंही तेच, जुनं झालं की थापताना तुटतं. मान्नाला किडे पडले ते वाचताना तुला नवल वाटत असेल. मला नाही वाटत." बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायातली ती गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आलेय. मान्ना म्हणजे रानात देवानं आकाशातून दिलेलं अन्न. ते रोजचं रोज गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. मला ती नेहमी देवाच्या रागाची गोष्ट वाटायची. तुमच्या स्वयंपाकघरात ती पिठाची गोष्ट झाली. काही वस्तू साठवायच्या नसतातच, त्या ताज्याच लागतात. मी मात्र जूनमध्येच डिसेंबरपर्यंतची हिंमत मागत होते आणि ती मिळत नाही म्हणून माझ्यात विश्वास नाही असं समजत होते.

येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना मराठीत आणताना ज्यांनी कोणी 'भाकर' हा शब्द ठेवला त्यांचं भलं होवो. गालीलातली ती भाकर जवाची असेल नाहीतर गव्हाची, आमच्या जिल्ह्यात ती ज्वारीचीच झाली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' एवढ्याशा ओळीत 'रोज' आणि 'आज' दोन्ही आहेत, हे मी बोट ठेवून वाचलं ते तुमच्याकडं काम करताना. आणि तुम्ही दाखवलेली खरी गोष्ट तर त्याच्याही आधीच्या शब्दात होती. पीठ चाळता चाळता तुम्ही म्हणालात, "यात 'माझी' कुठं आहे गं? 'आमची' आहे. माझ्या परातीत चार असल्या आणि तुझ्या घरी एकही नसली, तर देवानं उत्तर दिलेलंच असतं, ते फक्त चुकीच्या घरी पडून असतं."

यावर मी खूप विचार केलाय, मावशी. 'देव बघून घेईल' हे वाक्य मला आजही सहन होत नाही, कारण बहुतेक वेळा ते बोलणारा स्वतः बघणार नसतो. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत.

उलट यांना खुर्चीवरून उठवलंत. "प्रार्थना मी करते, तुम्ही पीएफचा फॉर्म भरा." नोकरी सुटून महिना झाला की त्या वेळच्या नियमानं 75 टक्के रक्कम काढता येत होती, हे तुम्हाला होस्टेलमधल्या एका पोराच्या वडिलांमुळं माहीत होतं. आधार आणि बँकेच्या नावातलं एक अक्षर जुळत नव्हतं म्हणून क्लेम दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पैसे जमा झाले. थकलेल्या पगारासाठी कामगार कार्यालयात अर्ज द्यायलाही तुम्हीच पाठवलंत. तो पगार पूर्ण काही मिळाला नाही, हेही लिहून ठेवते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की देवावर भरवसा ठेवला की सगळी बिलं चुकती होतात.

आता कॅलेंडरचं. तुमच्या फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर बायका दुधाचा हिशोब लिहितात तसं तुम्ही पेन्सिलीनं त्या दिवशी काय मिळालं ते लिहिता. जुलैपासून मलाही लिहायला लावलंत. एका चौकोनात दोन-तीन शब्दच मावतात, हे बरं आहे, भाषण होत नाही. ती पानं मी जपून ठेवलीत. 'वाणी थांबला.' 'गॅस टिकला.' 'हे हसले.' 'पोरीला जुनी पुस्तकं मिळाली.' आणि 19 ऑगस्टच्या चौकोनात 'काही नाही'.

त्या दिवशी सुप्याच्या एका कंपनीनं यांना नको म्हणून सांगितलं होतं आणि मुलगी तापानं फणफणली होती. मी पेन्सिल खाली ठेवून म्हटलं, काहीतरी चांगलं शोधून लिहिते. तुम्ही हात धरलात. "नाही मिळालं तर 'नाही' लिही. त्याच्याशी खोटं कशाला बोलतेस?" मग बायबलमधलं दाविदाचं तेरावं स्तोत्र काढलंत, जे 'कोठवर' या प्रश्नानंच सुरू होतं, आणि म्हणालात की दाविदाला हे विचारायची मुभा होती तर तुलाही आहे.

त्याच सकाळी तुम्ही पहिल्यांदा पणजीचं सांगितलंत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली केडगावला आणल्या त्यांतली ती एक. (दौंडजवळचं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे, मी आधी रेल्वे फाटकाकडं बघत ऐकत होते.) पणजी म्हणे सांगायची, "देव काही दिसला नाही, बाई दिसल्या." आणि त्याच बाईंची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. तरी त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, ते हातावेगळं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. "त्यांच्या कॅलेंडरवर किती चौकोन 'काही नाही'चे असतील," एवढं म्हणून तुम्ही पुढचा उंडा हातात घेतलात.

टिळकांविषयीचं तुमचं मत मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, ही केवढी मोठी गोष्ट म्हणून आपण सांगतो, त्यांचे अभंग म्हणतो. तुम्ही म्हणालात, "मोठीच आहे. पण पगार सोडणाऱ्याच्या घरात चूल पेटवणारी असते. त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, विश्वास कुणी मोजला?" तेव्हा घरात गप्प बसलेल्या नवऱ्याचा मला राग येत होता. त्या वाक्यानं तो गेला असं नाही, पण निदान मी त्या रागाची लाज धरणं सोडलं.

जानेवारी 2023 मध्ये यांना सुप्यालाच दुसरीकडं काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी, जाण्यायेण्यात दोन तास. पाटल्यांपैकी एक सुटली, दुसरी अजून बँकेतच आहे. मुलगी दहावीला बसली तेव्हा परीक्षेच्या सकाळी तुम्हीच तिला दही-साखर दिलीत. मी पहाटेचं काम सोडलं नाही, हे तुम्हाला आवडलं, असं मला वाटतं. तुम्ही बोलून काही दाखवत नाही.

गेल्या कापणीच्या सणाला तुम्ही नेहमीसारखी भाकऱ्यांची चळत चर्चमध्ये आणलीत आणि लिलावात ती मी घेतली. बोली वाढवत नेली तशा तुम्ही मागून पुटपुटत होतात, "अगं, पंधरा रुपयाची भाकरी आहे ती." माहीत आहे मला. त्या जून-जुलैत तुम्ही दारात आणून दिलेल्या भाकऱ्या मी मोजल्यात, एकसष्ट भरतात. त्यांचे पैसे तुम्ही तीनदा परत केलेत, म्हणून तो मार्ग शोधला.

सगळ्याबद्दल आभार, मावशी. न विचारता आलात याबद्दल, दोन रुपये ठरवलेत याबद्दल, त्या 'काही नाही'बद्दल.

तुमचा तो पहिला डबा मग भाकरी घेऊन पुन्हा आला होता, तो अजून माझ्याकडंच आहे. झाकण सैल झालंय आणि फडक्याला हळदीचा डाग पडलाय, तो काही निघत नाही. रविवारी उपासनेनंतर घेऊन येते. साखर नसेल त्यात, एवढं सांगते.

तुमची,
पहाटेच्या दुसऱ्या परातीवरची