काका, तुम्ही काढण्याआधी विचारलंत

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

मी बेळगावात राहते, कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या खिडकीत डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी आणि खाली ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या टिपणं-याद्या ठेवायच्या सोयीत, वर्षानुवर्षं जमवलेली शब्दांची यादी. माझं पोट या खिडकीवर चालतं. आणि तिच्यातच माझी अक्षरं फुटायला लागली होती. 'विद्यार्थी'तली पहिली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसायची, रफार डोक्यावरून उतरून सुटा 'र्' व्हायचा, कन्नडची ओत्तक्षरं खाली लागायची सोडून ओळीतच पसरायची. मजकूर शाबूत होता. तीच फाइल दुसरीकडे उघडली की सगळं जागच्या जागी. पण दिवसभर मोडलेल्या अक्षरांकडे बघत वाक्य जुळवत बसायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. डोळे दुखायचे ते वेगळंच. आपली भाषा आपल्याच पडद्यावर विस्कटलेली बघून जीव रडवेला व्हायचा.

तुमच्याआधी मी बऱ्याच जाणकारांकडे गेले. एकाने माझी इनिट फाइल, म्हणजे ईमॅक्स उघडताना आधी वाचतं ती माझ्या मांडणीची फाइल, न वाचताच "हा उकिरडा झालाय" असं म्हणून त्याच्या स्वतःच्या फाइलीतला लांबलचक तुकडा माझ्या फाइलीत डकवून दिला. "आता झटकन उघडेल" म्हणाला. दुसऱ्याने आणखी चार पॅकेजं, म्हणजे ईमॅक्सला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, घालून दिली. तिसऱ्याने सांगितलं, या जमान्यात ईमॅक्स कोण वापरतं, सोडून द्या. आणि एकाने तर छातीठोकपणे ऐकवलं की ईमॅक्सला देवनागरी जमतच नाही. हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते धडधडीत खोटं आहे. जपानच्या केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली बहुभाषी व्यवस्था 1997 साली विसाव्या आवृत्तीत ईमॅक्समध्ये आली. 2020 च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीला हार्फबझ आहे, म्हणजे फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड जोडाक्षरं मांडायला जी लायब्ररी वापरतात तीच. इतक्या लोकांनी खपून केलेलं काम त्या गृहस्थांनी एका वाक्यात नाही म्हणून टाकलं.

तुम्ही आधी ईमॅक्स कोऱ्या पाटीने उघडलंत, माझं काहीही न लावता, आणि मला 'विद्यार्थी' लिहायला सांगितलंत. शब्द अख्खा उमटला. "ईमॅक्स धडधाकट आहे. आता तुझ्या फाइलीला विचारू," एवढंच म्हणालात.

मग तुम्ही केलंत ते मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं यापुढे किरकोळ आहे.

तुम्ही फाइल वरपासून वाचायला घेतलीत. प्रत्येक पॅकेजपाशी थांबून विचारलंत, "हे कशासाठी ठेवलंयस?" मी सांगायचे, आणि मी जे सांगेन ते तुम्ही त्या ओळीच्या वर टिपणी म्हणून लिहायचात. मराठीत. माझ्याच शब्दांत. "यादीत कन्नड शब्द टाकला की मराठी लगेच सापडावा म्हणून." "तळटिपांचे आकडे मागेपुढे होऊ नयेत म्हणून." माझं वाक्य अघळपघळ असलं तरी तुम्ही ते नीटनेटकं करायला गेला नाहीत. तुमचा सगळा जन्म इंग्रजीतून कोड लिहिण्यात गेला, देवनागरी टंकायची सवय नाही. इतकी वर्षं ईमॅक्स वापरणारे तुम्ही मध्येच मान वर करून मला विचारलंत, "यात 'ळ' कसा काढतात गं?" मी दाखवला. तुम्ही तो दोनदा काढून बघितलात आणि पुढे लिहायला लागलात.

काका, त्या क्षणी माझा घसा दाटून आला होता. तुमच्या ध्यानात आलं असेल तरी तुम्ही दाखवलं नाहीत. तोवर प्रत्येकाने ती फाइल अडाणी बाईने केलेला पसारा म्हणून हाताळली होती. ती माझ्या कामाच्या गरजांमधून वाढत गेलेली आहे, तिच्यातल्या ओळींना कारणं आहेत आणि ती कारणं मला ठाऊक आहेत, हे गृहीत धरणारे तुम्ही पहिले.

ज्या पॅकेजपाशी मला कारण सांगता आलं नाही, ते गेलं, एक ओळ तेवढी राहिली. तिथेही "हवंय कशाला" असा सूर नव्हता. जुनी फाइल तुम्ही आधीच बाजूला जपून ठेवली होती आणि एंटर दरवेळी मला दाबायला लावलात. नाव शोधून पुरं करायला आयडो, हेल्म, आयव्ही आणि व्हर्टिको असे चौघे एकावर एक बसले होते, प्रत्येक सल्लागाराचा एकेक, व्हर्टिको राहिला. पॅकेजांची मांडणी लिहायला लागणारं यूज-पॅकेज वेगळं उतरवायचं कारण उरलं नव्हतं, जॉन विगली यांचं ते काम 2023 मध्ये एकोणतिसाव्या आवृत्तीबरोबर ईमॅक्सच्या आतच आलं. पुढची कळ कुठली ते सुचवणारं विच-की तिसाव्या आवृत्तीत आत आलं. अशा ओळी काढताना तुम्ही प्रत्येक वेळी "याचं काम झालं, हे घरात आलं" म्हणायचात. निवृत्त होणाऱ्या माणसाला हार घालावा तसा तुमचा आवाज असायचा. कुणीतरी रात्री जागून, एक पैसा न घेता लिहिलेली गोष्ट काढून टाकतानाही तिच्या कर्त्याचा मान राखायचा असतो, हे मी असं कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

अक्षरं फोडणारी ओळ शेवटी त्या डकवलेल्या तुकड्यात सापडली. ईमॅक्स लवकर चालावं म्हणून तिने ऑटो-कॉम्पोझिशन मोड सरसकट बंद केला होता. अक्षरं जोडून दाखवायचं काम तोच करतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला फरक कळतही नाही. देवनागरी आणि कन्नड मात्र मुळापासून उसवतात. तुम्ही ती ओळ काढलीत आणि त्या माणसाबद्दल म्हणालात, "त्याच्या पडद्यावर इंग्रजीच असणार, त्याला कुठून दिसणार?" तुमचं मन मोठं आहे. मला अजून राग आहे. न वाचता, न विचारता दुसऱ्याच्या हत्यारात हात घालणाऱ्याचा राग यायलाच हवा, असं मला वाटतं.

नको ती पॅकेजं का काढायची, हे तुम्ही वेगाच्या भाषेत सांगितलं नाहीत, हेही मला आवडलं. ईमॅक्सचं पॅकेज माझ्या नावाने, माझ्या सगळ्या अधिकारांसह चालतं. त्याला वेगळं कुंपण नसतं. मेल्पा या पॅकेजांच्या कोठारावरची बहुतेक पॅकेजं लेखकाने केलेला ताजा बदल उचलून बांधली जातात. म्हणजे न वापरलेलं प्रत्येक पॅकेज ही एका अनोळखी माणसाकडे दिलेली किल्ली. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या साधनात लपवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना सापडला, तो लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून. हे सांगताना तुम्ही त्यांच्या हुशारीबद्दल फार बोलला नाहीत. "अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही बघ त्याने," म्हणालात. तुम्ही माझ्या वेलांटीकडे दुर्लक्ष केलं नाहीत, काका. मला दोन्ही एकाच जातीची माणसं वाटतात. अशांची नावं क्वचितच कुठे येतात. ती नीट ऐकतात, समोरच्याला लहान करत नाहीत आणि काम संपलं की हिशेब मांडत नाहीत. आपल्याकडे विद्वान पुष्कळ आहेत. असा भला माणूस भेटावा लागतो.

आता माझी फाइल मला वरपासून खालपर्यंत वाचता येते. परवा एका तरुण भाषांतरकार मुलीला मी ती दाखवली. कोड तिला कळत नाही, पण टिपण्या ती भराभरा वाचत गेली आणि तिला स्वतःसाठी काय लागेल ते तिनेच ओळखलं. आम्ही तिची फाइल नव्याने लिहायला घेतली आहे, तिच्या शब्दांत.

आणि हो, शेवटून दुसरी ओळ, जिचं कारण मला त्या दिवशी आठवेना आणि तुम्ही "राहू दे, घाई नाही" म्हणून तशीच ठेवलीत, ती मी आता काढली आहे. ऑर्ग फाइलीतून छापायची प्रत काढणाऱ्या एका जुन्या पॅकेजची ती ओळ होती, ते काम आता ऑर्ग स्वतःच करतं. पुढच्या महिन्यात पुण्याला येते आहे. घरी येऊन भेटेन, तेव्हा मात्र विषय बदलू नका.

तुमची,
बेळगावची भाषांतरवाली