डरवेंटचा पूल आणि आपली चौकट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच मोठ्यानं वाच. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही.

रविवारी शेफील्डमधली आम्ही अकरा मराठी घरं सहलीला गेलो होतो. पाऊण तासावर डरवेंट नदीचं खोरं आहे. चुन्यामातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून घातलेले लांबच लांब बांध आणि त्याआड मेंढरं. माळाला वणवा लागतो म्हणून उघड्यावर काही पेटवू देत नाहीत, त्यामुळे सगळा स्वयंपाक घरूनच नेला होता. तुमच्या सुनेनं पहाटे उठून तीस भाकरी थापल्या. वर पिठलं, ठेचा, दहीभात. इथे ज्वारीचं पीठ मिळतं गं, आई, आमची आबाळ होत नाही.

एका मित्राच्या आई आल्या होत्या, नगरकडच्या. जून असून अंगावर शाल. त्यांनी चिऊला जवळ बसवलं, भाकरीचा पापुद्रा सोडवला, आत तूप-मीठ चोळलं आणि सुरळी करून तिच्या हातात दिली. आई, तू मला चुलीपुढं बसवून अशीच द्यायचीस. मला पुढचा घास गिळवेना. त्यांनी विचारलं, "तुझे आई-वडील कुठं असतात रे?" मी म्हणालो, पळसदेवला. दोघंच.

बाबा, तिथल्या लेडीबावर धरणाखाली डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावं गेलीत. 1945 मध्ये राजाच्या हस्ते उद्घाटन झालं. चर्चचा मनोरा पाण्याबाहेर उभा राहिला होता, तोही 1947 मध्ये पाडला. 2018 आणि 2022 मध्ये पाणी आटलं तेव्हा घरांच्या भिंती वर आल्या आणि लोक गाळ तुडवत बघायला गेले. उजनी आटली की तुम्ही मला पळसनाथाच्या देवळाकडं न्यायचात, तेच डोळ्यांपुढं आलं. भेगाळलेल्या गाळात उभं राहून तुम्ही काठीनं दाखवायचात, "हे आपलं अंगण, हा गोठा."

त्यातल्या डरवेंट गावात ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एक जुना दगडी पूल होता. बुडण्याआधी तो एकेक दगड नंबर घालून उतरवला आणि पुढं 1959 मध्ये नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा जसाच्या तसा उभा केला. चिऊला सायकलवर मागे बसवून मी तिथवर गेलो. कठड्यावर हात ठेवला आणि तुम्ही बैलगाडीतून आणलेली घराची चौकट आठवली. आजोबा म्हणायचे, घर गेलं तरी दार आपलंच.

बाबा, आम्ही इथं घर घेतलंय. मंगळवारी सह्या झाल्या. विचारून करायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही "कर बाबा" म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात. चिऊ आता कुठं शाळेत मोकळं बोलायला लागली आहे. भाडंही हप्त्याएवढंच जात होतं. दोन वर्षांनी परत यायचं मीच म्हटलं होतं, ते विसरलेलो नाही. घर घेतलं म्हणजे आपलं घर सुटलं असं मनात आणू नका. खालची खोली तुमच्यासाठीच ठेवलीय, संडास-बाथरूम लागूनच आहे, जिना चढायचा नाही. आई, देवघराची खिडकी पूर्वेला आहे.

डिसेंबरच्या अठरा तारखेची तिकिटं काढलीत. तोवर ऐका. बाबा, पहाटे मोटार चालू करायला शेतात एकट्यानं जायचं नाही, गड्याला सांगा. डोळ्यात थेंब वेळेवर घाला, धूळ असेल तेव्हा काळा चष्मा लावा. आई, बीपीची गोळी उपास असला तरी चुकवायची नाही, आणि गुडघे दुखत असताना भिगवणचा बाजार डोक्यावर आणायचा नाही. ताईला बारामतीहून दर रविवारी यायला सांगितलंय, तिला "कशाला आलीस" म्हणू नका.

रागावला असाल तर फोनवर रागवा, पण फोन उचला.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, चौकटीला औंदा तेल लावायचं राहिलंय. मी आल्यावर लावतो. तुम्ही स्टुलावर चढू नका.