एक फुप्फुस धुतले जात असताना दुसरे सांभाळणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

हे पत्र मला आपल्या हातातच देता आले असते. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण फुप्फुस धुतात म्हणजे नेमके काय करतात, या प्रश्नाने झोप उडालेले आणखी एखादे कुटुंब आजही रिपोर्टांची पिशवी घेऊन नागपुरात दवाखान्यांच्या पायऱ्या चढत असेल. शिवाय रुग्ण बरा झाला की आपण छातीच्या डॉक्टरांचे पाय धरतो आणि भूल देणाऱ्यांचे नावही विचारत नाही. आम्हीही आधी तेच केले, त्याची रुखरुख मनात आहे.

माझे यजमान शाळेत भूगोल शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना दम लागू लागला, आणि शेवटी वर्गात एक वाक्य पुरे करायला त्यांना दोनदा थांबावे लागे. एका ठिकाणी एक्स-रेवरचे पांढरे डाग पाहून, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही, क्षयरोगाची औषधे सुरू करण्यात आली. सहा महिने त्यांनी एकही गोळी चुकवली नाही आणि दम मात्र वाढतच गेला. ते सहा महिने आठवले की मला अजून वाईट वाटते. पुढे सीटी स्कॅनमध्ये ओबडधोबड फरशीच्या तुकड्यांसारखी नक्षी दिसली, दुर्बिणीतून काढलेले पाणी दुधाळ निघाले आणि आजाराला नाव मिळाले : पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. दहा लाखांत जेमतेम सहा-सात जणांना होणारा हा आजार आमच्याच घरी का यावा, हा प्रश्न मी तेव्हा दिसेल त्याला विचारत होते.

आपण पहिल्यांदा भेटलात त्या संध्याकाळी केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर आपण द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश काढून दाखवलेत. वायुकोश मिटू नयेत म्हणून तिथे सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ सतत तयार होत असतो आणि जुना झालेला पदार्थ तिथल्याच भक्षक पेशी संपवतात. या पेशींना समर्थ करणारे जीएम-सीएसएफ नावाचे प्रथिन असते आणि यजमानांच्या शरीराने त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत, हे आपण समजावलेत. “स्वयंपाक रोज होतोय, पण खरकटं काढायला कुणी नाही,” हे आपले वाक्य माझ्या सासूबाईंनाही लगेच उमगले. या प्रतिपिंडांचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला, पण फुप्फुस धुण्याची पद्धत होसे रामिरेझ-रिव्हेरा या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच सुरू केली होती, हेही आपल्याकडूनच कळले. मूळ कारण हाती नसताना साचलेले धुऊन काढण्याचे धाडस कुणीतरी केले, म्हणून आज माझे यजमान बोलत आहेत, असे मला मनापासून वाटते.

खरी भीती मात्र पुढेच होती. माणूस नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो एवढेच मला माहीत, आणि इथे तर फुप्फुसात लिटरच्या लिटर मिठाचे पाणी सोडणार होते. आपण ती भीती हसण्यावारी नेली नाही. दोन मार्ग असलेली नळी मला हातात धरून पाहू दिलीत. एका मार्गाने एका फुप्फुसाला शुद्ध ऑक्सिजन मिळत राहणार, दुसऱ्या मार्गाने दुसऱ्या फुप्फुसात ३७ अंशांपर्यंत कोमट केलेले सलाईन भरणार आणि परत काढणार. नळी तसूभर सरकली तर पाणी चांगल्या बाजूला शिरू शकते, म्हणून तिची जागा दुर्बिणीने पुन्हापुन्हा तपासणार आणि किती आत गेले, किती बाहेर आले याचा हिशेब दर फेरीला लिहून ठेवणार. फुप्फुस पाण्याने भरलेले असताना रक्त दुसऱ्या बाजूला वळते म्हणून ऑक्सिजन बरा राहतो, उलट पाणी काढून घेताना तो घसरतो, आणि त्याच वेळी आपली नजर मॉनिटरवरून हलत नाही, हे ऐकून मी संमतिपत्रावर सही केली. धोका काय आहे हे आपण लपवले नाहीत, म्हणूनच माझा हात थरथरला नाही.

डाव्या फुप्फुसाला १६ लिटर सलाईन लागले. फिजिओथेरपिस्ट दादा बाहेरून छातीवर ताल धरल्यासारखे थोपटत होते, म्हणजे चिकटलेले सुटून यावे. काम आटोपल्यावर आपण मला दाराशी बोलावून ट्रॉलीवर ओळीने मांडलेल्या बाटल्या दाखवल्यात. पहिलीत दाट, पिवळसर दूध, आणि तळाशी बोटभर जाडीचा गाळ बसलेला. मधल्या बाटल्यांत ताकाच्या निवळीसारखे पाणी. आणि शेवटच्या बाटलीतून पलीकडच्या भिंतीवरचे घड्याळ दिसत होते. दोन वर्षे ज्याने त्यांचा श्वास अडवला होता, ते मी डोळ्यांनी पाहिले. मला तिथेच रडू आले आणि आपण काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिलात. तेव्हा साडेतीन वाजले होते आणि सकाळपासून आपण पाणीही प्यायला नव्हता, हे मला नंतर सिस्टरकडून समजले.

तीन आठवड्यांनी उजवी बाजू झाली. आता घरी ऑक्सिजन लागत नाही. यजमान पुन्हा वर्गावर जातात आणि परवा अंबाझरी तलावाच्या काठाने माझ्याबरोबर गप्पा मारत चालले. बोलणे आणि चालणे दोन्ही एकाच वेळी, हे मी किती दिवसांनी पाहिले. प्रतिपिंडे शरीरात आहेतच, तेव्हा पुढे कधी तरी पुन्हा धुवावे लागू शकेल, हे आपण स्पष्ट सांगितले आहे आणि आम्ही ते मनाशी धरून आहोत.

पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ, तेव्हा यजमानांना आपल्याला भेटायचे आहे. भूल चढताना ऐकलेले “डोळे मिटा सर, श्वासाचं मी बघते” एवढेच त्यांना आठवते. आपली खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही जिन्याने येणार आहोत.

आपली ऋणी,
एका शिक्षकाची पत्नी
नंदनवन, नागपूर