सत्यजित राय यांचे चित्रपटाबाहेरचे व्यासंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सत्यजित राय यांच्यावरील आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र ‘पथेर पांचाली’ (१९५५) आणि १९९२चे ऑस्कर यांच्या वर्णनात त्यांच्या इतर व्यासंगांना जेमतेम एक ओळ मिळाली, ही उणीव जाणवली.

शांतिनिकेतनच्या कलाभवनात चित्रकला शिकून १९४३ साली कोलकात्यातील एका जाहिरात कंपनीत लागलेले राय पुस्तकांची मुखपृष्ठेही करत, आणि चित्रीकरणाआधी प्रत्येक दृश्याची रेखाटने वहीत काढण्याची त्यांची सवय त्याच हातातून आलेली होती. अक्षररचनेचा नाद तर इतका, की ‘राय रोमन’ हा रोमन लिपीतला टंक त्यांच्या नावाने ओळखला जातो. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये सुरू केलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक त्यांनी १९६१ मध्ये पुन्हा काढले. फेलूदा हा गुप्तहेर त्याच मासिकातून जन्मला. आरंभी रविशंकर, विलायत खाँ यांच्याकडून संगीत घेणारे राय १९६१च्या ‘तीन कन्या’पासून स्वतःच संगीतकार झाले. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जुन्या ओढीविना हे घडले नसते, असे मला वाटते.

मराठी वाचकांसाठी आणखी एक उल्लेख हवा होता : दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर केलेल्या ‘सद्गती’त त्यांनी स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांना भूमिका दिल्या होत्या. रायांच्या रेखाटनांवर सचित्र लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे