जुन्या महसुली तिकिटांना कात्री लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरण्याची सोय आता रुळली आहे आणि ती हवीच होती. तेलगी प्रकरणाने छापील मुद्रांकावरचा विश्वास किती पोखरला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण याच काळात घरोघरच्या ट्रंकांतले जुने दस्त रद्दीत निघू लागले आहेत. त्याहून वाईट म्हणजे, त्यांवरची महसुली तिकिटे, म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची खूण म्हणून लावलेली तिकिटे, कापून विकली जातात आणि उरलेला कागद टाकून दिला जातो. हे थांबावे म्हणून लिहितो आहे.

सुट्या टपाल तिकिटालाही मोल असते. महसुली तिकिटाचे तसे नाही. ते खरेदीखतावर लागले की कर्जरोख्यावर, पैसे कुणी कुणाला दिले, अर्ज कोणत्या कोर्टात पडला, हे खालचा कागदच सांगतो. तो गेला की हाती उरतो रंगीत चौकोन.

आपल्याकडे हा कर आला 1797 मध्ये. कंपनी सरकारने बंगालमध्ये पोलीस कर रद्द केला आणि त्याची तूट भरून काढायला मुद्रांक शुल्क बसवले. तूट भरायला आलेला कर सव्वादोनशे वर्षे टिकला! आज आपण ज्याच्या आधारे पावतीवर तिकीट लावतो तो कायदा 1899 चा आहे. तेव्हा वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा लागे. 2004 पासून पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपया लागतो. 1906 मध्ये तर एडवर्ड राजाच्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘टपाल’ आणि ‘महसूल’ असे दोन्ही शब्द इंग्रजीत छापले गेले. तेच तिकीट पत्रालाही चाले, पावतीलाही. त्यामुळे असे तिकीट पावतीवर वापरले होते की पाकिटावर, हे कापल्यानंतर ओळखणे अवघड.

कोर्ट फी तिकिटांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होते. जुन्या अर्जावरचे तिकीट नीट पाहा. राणीच्या चेहऱ्याच्या जागी गोल भोक असते, किंमत मात्र शाबूत. लोकांना वाटते, कसर लागली, फाटले. आणि असा कागद आधी टाकला जातो. प्रत्यक्षात 1870 च्या कोर्ट फी कायद्यातच तसे लिहिले आहे. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कारकुनाने त्यावरचे चित्र पंचने उडवायचे, रकमेला धक्का लावायचा नाही आणि निघालेला तुकडा जाळून किंवा अन्य रीतीने नष्ट करायचा. म्हणजे ते भोक हा तिकीट रीतसर रद्द झाल्याचा पुरावा आहे.

आपल्या भागाला तर याचे अगत्य जास्तच असायला हवे. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, जमखंडी, सावंतवाडी अशा संस्थानांची स्वतःची कोर्ट फी आणि महसुली तिकिटे होती. विलीनीकरणानंतर ती चलनातून गेली. आता ती सापडतात मोडीतल्या दस्तांवरच, आणि मोडी वाचता येत नाही म्हणून नेमके तेच दस्त निरुपयोगी ठरवले जातात. ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटे आधी लंडनला द ला रू या छपाई कंपनीकडे छापली जात, 1925 पासून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापू लागली. निर्वासितांसाठी नोव्हेंबर 1971 पासून प्रत्येक पत्रावर लावायचे पाच पैशांचे जादा तिकीटही आमच्या पिढीला आठवत असेल. बांगलादेशातून आलेल्यांसाठी लोकांनी मार्च 1973 पर्यंत तो भार उचलला. त्या तिकिटाची जुनी पाकिटेही अशीच कापली जातात, याचे फार वाईट वाटते.

म्हणून वाचकांना विनंती आहे की असा दस्त हाती आला तर तो अख्खा ठेवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, शक्यतो घड्या उलगडून सपाट ठेवा. घरात जागा नसेल तर जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला विचारा. न्यायालये आणि नोंदणी खाते मुदत संपलेली कागदपत्रे नष्ट करतात. त्याआधी प्रत्येक तालुक्यातून तिकिटांसह काही नमुने पुराभिलेखागाराकडे पाठवण्याचा आदेश शासनाने काढावा. निवड करताना पुराभिलेखागाराचा एक माणूस तिथे हजर असावा.

आपला,
एक तिकीट संग्राहक, सातारा