यंदा गाडी पाठवत नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबा "बरं बरं, ठेव" म्हणतात आणि आई गप्प बसते, म्हणून लिहितेय. मार्गशीर्षात दोन दिवस पुण्याला यायचं पक्कं, फक्त गाडी येणार नाही. ड्रायव्हरला नको म्हणून कळवलंसुद्धा. साताऱ्याहून स्वारगेटच्या विनाथांबा एसटीनं यायचं.

पैशांचा प्रश्न नाही, खरंच नाही. पण गाडी येताना रिकामी, तुम्हाला सोडून परतताना रिकामी. एका खेपेचे ११० किलोमीटर धरले तरी दोन माणसांसाठी ४४० किलोमीटर डिझेल जाळायचं, तेही एसटी सारखी धावते त्या रस्त्यावर! मला आता पटत नाही. "पोरीनं गाडी नाही पाठवली" असं आळीत म्हणतील, हे आईच्या मनात येणारच. सांग त्यांना, परत सोडायला पोरगी स्वतः येतेय. आजवर ड्रायव्हरच यायचा.

स्वारगेटला मी उभी असेन. तिथूनच मेट्रो, खाली जायला लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्याला पायरी नको. मंडईला उतरलं की दगडूशेठ चालत. संकष्टी मुद्दाम टाळलीय. दुपारी केळकर संग्रहालय; अडकित्ते बघताना तात्यांच्या अडकित्त्याचा विषय काढायचा नाही, दोघांनीही. रात्री घरी मऊ भात, आईची उशी वेगळी काढून ठेवलीय.

बाबा, तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचात आणि मी आईच्या मांडीवर झोपून जायचे, ते आठवतं अजून. आता तसं काही करू नका! गाडी विनावाहक असते, तिकीट खिडकीवर काढून मगच बसायचं. बाबांना ७५ पूर्ण, म्हणजे फुकट. उगाच पैसे पुढे करू नका. आईला अर्धं. आधार कार्डं वरच्या खिशात. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका. मध्ये गाडी थांबत नाही, तेव्हा निघताना जाऊन या. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. आई, खंबाटकीच्या बोगद्याआधीच आवळासुपारी तोंडात टाक. पाणी घरून भरून घ्या, विकतच्या बाटल्या नकोत. कंदी पेढे स्टीलच्या डब्यात, आणि पावशेरच! मागच्या वेळचे फ्रिजमध्ये वाळून गेले.

खेड शिवापूरचा टोलनाका आला की फोन करा, मी घरून निघते.

तुमची,
सुमी