न पडलेला पिवळा रुमाल

टेम्पी, ॲरिझोना
५ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पंचांनी हरवलं, पंचांनी हरवलं म्हणून सगळं गाव ओरडतंय, पण त्यांनी केलं काय?" ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आधी इथल्या अमेरिकन फुटबॉलचा नियम सांगावा लागतो, आणि भांडण नियमाचंच आहे. आईचाही प्रश्न राहिलाय, की एवढी हेल्मेटं घालतात तर डोक्याला लागतं कसं. तिथूनच सुरुवात करतो.

आई, हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आत मेंदू हिसकायचा तो हिसकतोच. उलट डोकं झाकलेलं असल्यामुळे पोरं डोकंच पुढे करून धडक मारायला लागली. म्हणून २००८ साली कॉलेज फुटबॉलमध्ये 'टार्गेटिंग'चा, म्हणजे डोक्यावर नेम धरून धडक मारण्याविरुद्धचा, नियम आला आणि २०१३ पासून अशा धडकेला थेट मैदानाबाहेर काढायची शिक्षा लागली. शिवाय १५ यार्डांचा दंड आणि समोरच्या संघाला नव्याने पहिली संधी (संधी म्हणजे काय ते पुढे सांगतो). गुन्हा दुसऱ्या अर्ध्यात घडला तर तो खेळाडू पुढच्या सामन्याचा पहिला अर्धाही बाहेर बसतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता सामना. १ जानेवारीला अटलांटात पीच बोल नावाचा सामना झाला, इथली ॲरिझोना स्टेट विरुद्ध टेक्सास. १२ संघांच्या प्ले-ऑफची उपांत्यपूर्व फेरी. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये टेक्सास २४-८ ने पुढे होता. तिथून आमच्यांनी दोन टचडाऊन केले (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, सहा गुण), दोन्हींनंतर दोन-दोन जादा गुणही घेतले, आणि २४-२४. कॅम स्कॅटेबो नावाच्या बुटक्या, दणकट पोराने त्या दिवशी पळून १४३ यार्ड काढले, झेल घेऊन ९९, आणि एक टचडाऊन तर स्वतः चेंडू फेकून करून दिला. हरूनही आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

बरोबरी असताना, मिनिटापेक्षा थोडाच जास्त वेळ उरलेला असताना, चेंडू आमच्याकडे होता. या खेळात १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. त्यातली तिसरी चालू होती आणि अजून १५ यार्ड हवे होते. आमच्या लेव्हिटने मधोमध पास फेकला, आमच्याच स्टोव्हलने झेलला आणि तो वळतोय न वळतोय तोच टेक्सासचा मायकल टाफ समोरून येऊन आदळला. हेल्मेटवर हेल्मेट. पंच चूक दाखवायला पिवळा रुमाल मैदानात टाकतात. तो पडला नाही. मग रिप्लेसाठी खेळ थांबवला. रुमाल पडला नसला तरी टार्गेटिंग रिप्लेवाल्याला वरून देता येतं. बराच वेळ पाहिलं आणि निकाल आला, टार्गेटिंग नाही. १५ यार्ड पुरे झालेले नव्हते, त्यामुळे चौथ्या संधीला चेंडू लाथाडून टेक्सासला द्यावा लागला.

नियमाचे तीन प्रश्न आहेत. झेल घेणारा 'असहाय' होता का, म्हणजे चेंडू हातात आल्यावर स्वतःला सावरायला त्याला वेळ मिळाला का? होता असहाय, इथे वाद नाही. डोक्याला किंवा मानेला जोराची धडक बसली का? बसली, आंधळ्यालाही दिसेल. तिसऱ्यावर सगळं अडलं. धडक देणाऱ्याने लक्ष्य साधल्याची एखादी खूण हवी: उडी घेणं, दबा धरून वर उसळणं, हेल्मेट, खांदा किंवा कोपर पुढे करून डोक्यावर चाल करणं, नाहीतर मान खाली घालून टाळूने धडकणं. टाफची बाजू घेणारे म्हणतात, तो उडाला नाही, मान खाली घातली नाही, दोघं समोरासमोर आले आणि आदळले. आमचे म्हणतात, हेल्मेट पुढे करून आला, आणखी कसली खूण हवी?

त्यात आणखी एक गाठ. एरवी रिप्लेमध्ये मैदानावरचा निर्णय फिरवायला निर्विवाद पुरावा लागतो, नाहीतर तो तसाच राहतो. टार्गेटिंगला २०१९ पासून ही पळवाट नाही. प्रत्येक अट व्हिडिओत पक्की दिसली तरच टार्गेटिंग, एक जरी डळमळीत असली तर नाही. खेळाडूला उगाच बाहेर काढलं जाऊ नये म्हणून केलेला बदल, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे तिसऱ्या खुणेवर ज्याचं मन जरा डचमळलं त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

माझ्या मते ते टार्गेटिंग होतं. पण राग निकालापेक्षा गप्प बसण्याचा आहे. बाबा, आपल्याकडे डीआरएसमध्ये तिसरा पंच बोलतो ते टीव्हीवर ऐकू येतं, चेंडू यष्टीला कुठे लागला असता ते दिसतं. 'अंपायर्स कॉल'वर तुम्ही शिव्या घालता, पण का ते कळलेलं असतं. इथे पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच माइकवर एक वाक्य बोलतो आणि खेळ सुरू. तीनपैकी कोणती अट भरली नाही एवढं जरी सांगितलं असतं तरी निम्मी बोंब थांबली असती. सामन्यानंतर खुद्द आमचे कोच डिलिंगहॅम म्हणाले, टार्गेटिंग म्हणजे काय हेच मला कळेनासं झालंय.

बरं, रिप्ले सगळ्यालाच लागू नाही. पास झेलणाऱ्याला आधीच धक्का देणं, किंवा पकडून ठेवणं, हे कॉलेजात रिप्लेला नेताच येत नाही. पंचाला दिसलं तेच खरं. गेल्या ऑक्टोबरात ऑस्टिनला जॉर्जियाविरुद्ध याच टेक्सासवर धक्क्याचा रुमाल पडला, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, साफसफाईत खेळ थांबला, तेवढ्यात पंचांनी आपसात बोलून रुमाल परत उचलला! टेक्सास तो सामना हरला आणि वर अडीच लाख डॉलरचा दंड भरला. ९६ सालचं ईडन गार्डन्स आठवलं असेल तुम्हाला.

आणि निकाल नंतर बदलतो का? नाही. २०१५ मध्ये मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या क्षणी आठ वेळा चेंडू इकडून तिकडे फेकत टचडाऊन केला. मध्ये एकाचा गुडघा टेकला होता, म्हणजे खेळ तिथेच संपायला हवा होता. पंचांना दोन सामने घरी बसवलं, पण ३०-२७ तसाच राहिला. १९९० मध्ये कोलोरॅडोला मिझुरीत चुकून पाचवी संधी मिळाली, त्यावर ते ३३-३१ जिंकले आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटेकरीही झाले. १९४० मध्ये अशाच पाचव्या संधीवर जिंकलेल्या कॉर्नेलने मात्र फिल्म पाहून तार केली आणि विजय डार्टमथला देऊन टाकला. तेवढा एक अपवाद.

आता इथे गावात म्हणायची सोय नाही ते तुम्हाला लिहितो. त्या निर्णयाने आम्ही हरलो नाही. उलट चेंडू मिळाल्यावर टेक्सासने ३८ यार्डांवरून लाथेने मारलेला फील्ड गोल खांबाला लागून परतला. जादा वेळात आमचा टचडाऊन आधी झाला. मग टेक्सासची चौथी, म्हणजे शेवटची संधी आली, १३ यार्ड हवे होते, ती अडवली की संपलं. त्यांच्या यूअर्सने २८ यार्डांचा पास गोल्डनला दिला, थेट टचडाऊन. दुसऱ्या जादा डावात टेक्सास ३९-३१ ने जिंकला. चौथ्या संधीला १३ यार्ड देऊन बसलात तर त्यात पंच काय करणार?

बाबा, क्लिप पाहाल तेव्हा चेंडू पाहू नका. एकदा फक्त टाफचे पाय पाहा, जमीन सुटते का. दुसऱ्यांदा त्याची मान, वाकते का. तिसऱ्यांदा स्टोव्हलचे हात: चेंडू आल्यापासून धडकेपर्यंत किती पावलं पडतात ते मोजा. हे तिन्ही वेळा पूर्ण वेगाने पाहा. संथ गतीत प्रत्येक धडक मुद्दाम मारल्यासारखी दिसते.

टेक्सासचा पुढचा सामना ओहायो स्टेटशी, तुमच्याकडे शनिवारी ११ तारखेला सकाळी ६ वाजता. चहा घेऊन बसा आणि टेक्सासच्या बचावात मागे उभा १६ नंबर शोधा. तोच टाफ. पहिल्या मिनिटापासून खेळताना दिसेल.

तुमचा,
सुहास